खडशी आणि मुसुल्ला

महाडजवळच्या वाळणकोंडीत कुरमुरे टाकले की डोहातून गडद पाठी वर येतात. वरदायिनी देवीचे म्हणून या माशांना कुणी हात लावत नाही. मोठमोठे खवले, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, निळसर पर: ही खडशी. पुस्तकांत तिला महसीर म्हणतात. त्या शब्दाची फोड कुणी ‘महाशिर’ अशी करतो, तर कुणी फारसी ‘माही’ (मासा) आणि ‘शेर’ (सिंह) अशी. मला आपला खडशीच हवासा वाटतो. खडकाळ, खडीच्या तळाच्या वाहत्या पाण्यात राहणारा मासा, आणि नावाच्या सुरुवातीलाच ‘खड’!

१८३९ मध्ये कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावे देताना इथल्या बोलीतलेच शब्द उचलले. शिंगटीची ‘सींगटी’ झाली, खडशीची ‘खुद्री’. आणखी एका माशाला त्याने ‘मुसुल्ला’ म्हटले. त्यात मला तरी मासोळीच ऐकू येते.

पुढे हा ‘मुसुल्ला’ भलत्याच माशाला चिकटला. कावेरीत पाठीला कुबड असलेला, पन्नास किलोंच्याही वर जाणारा महसीर आहे. तोच मुसुल्ला, असे अनेक जण धरून चालले. प्रत्यक्षात साइक्सचा मासा महसीर नव्हताच, तो दुसऱ्याच प्रजातीतला निघाला. मग कुबडवाल्याला स्वतःचे नावच उरले नाही. आणि नाव नसलेला मासा धोक्यात आहे, हे कुठल्या यादीत लिहायचे?

या काळात लोणावळ्याजवळच्या वळवणच्या केंद्रात खडशीची पैदास होत होती. काम चांगल्या हेतूचे होते. पण तिथली पिल्ले कावेरीतही सोडली गेली, तिथे फोफावली, आणि मूळचा कुबडवाला मागे रेटला गेला. आपल्याकडचे नाव कागदावरून तिकडे गेले, आपल्याकडचा मासा तिकडच्या पाण्यात गेला. दोन्ही एकाच जिवावर बेतले. मला ही गोष्ट फार लागते.

२०१८ मध्ये संशोधकांनी पटवून दिले, की केरळच्या पांबार नदीतून २००७ मध्ये नोंदलेला ‘टॉर रेमादेवी’ तो हाच. मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमादेवी यांच्यावरून दिलेले हे नाव. ते लागल्यावरच ‘अतिसंकटग्रस्त’ हा शिक्का त्याच्यावर बसू शकला.

आता कावेरीत महसीर दिसला की आधी पाठ आणि पर बघतात: कुबड आहे का, आणि पर निळसर की केशरी.