मुसीचा महापूर आणि आपत्तीचा अर्थ

काचीगुड्याहून चादरघाटाकडे गेले की मुसी नदी लागते. एरवी क्षीण वाहणाऱ्या ह्या नदीने २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत हाहाकार उडविला. मृतांची संख्या साधारणतः १५,००० सांगितली जाते. अफझलगंजातील चिंचेच्या एका झाडाच्या आश्रयाने सुमारे दीडशे जीव वाचले, ही आठवण अद्याप टिकून आहे.

अशा प्रसंगी ‘हा दैवी कोप होय’ असे म्हणून विचार थांबविण्याचा मोह होतो. निजाम सरकारने १९०९ मध्ये पाचारण केलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मात्र एकट्या पावसाकडे वा नदीच्या पात्राकडे न पाहता संपूर्ण पाणलोट क्षेत्राची तपासणी केली. त्या क्षेत्रात ७८८ तलाव होते. पैकी २२१ फुटले होते. हे तलाव साखळीने जोडलेले असत. वरच्याचे सांडपाणी खालच्यास मिळे आणि शेती पिके. पण अतिवृष्टीत वरचा बांध फुटला की त्याचा भार खालच्यावर पडे व तोही फुटे. जो संबंध सुकाळात उपकारक, तोच संकटात घातक ठरला. म्हणून एकेका बांधाची मजबुती पाहून धोक्याचे माप कळत नाही; बांधाबांधांतील नाते पाहावे लागते.

पुढे मुसीवर उस्मानसागर (१९२०) व ईसीवर हिमायतसागर (१९२७) बांधले गेले. उपाय मोठा होता, तथापि त्याने निर्धास्तपणाही आणला. तलावांत व नाल्यांत वस्ती शिरली. ऑक्टोबर २०२० मध्ये पल्ले चेरुवू व गुर्रम चेरुवू यांचे बांध फुटून जुन्या शहराच्या दक्षिणेकडील मोहल्ले बुडाले. ते पाणी त्या दोन धरणांच्या आवाक्यातले नव्हतेच.

शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी होते काय, हा प्रभूचा प्रश्न (लूक १३) आपणांस परिचित आहे. पूरग्रस्तांच्या दारी जाणाऱ्या पाळकाने व धर्मशिक्षकाने मृतांचा न्याय करू नये. परंतु बांध कोणी दुर्लक्षिले, नाले कोणी बुजविले, हे विचारण्यास कचरूही नये. वरच्या गावाच्या हयगयीचे फळ खालचे गाव भोगते. हे नाते ओळखणे म्हणजेच शेजारधर्माची सुरुवात होय, असे आम्हांस वाटते.