ओझ्याखालचं पाऊल

चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीचं पत्र आल्यावर भाचीला सरावासाठी बूट घ्यायला आम्ही वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर गेलो. कॉलेजात असताना तिच्या डाव्या पावलातलं हाड मोडलं होतं. स्टुलावर बसून तिनं बूट चढवला नि म्हणाली, "मामा, बसतोय बरोबर." मी तिला थांबवलं.

१८५५मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरनं कूच करून सुजणाऱ्या पावलांची नोंद केली. ती सूज कशाची, हे १८९७मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं : बोटांमागची लांब हाडं तडकलेली होती. पुढे अमेरिकी लष्कराचे डॉक्टर एडवर्ड मन्सन यांनी सैनिकांच्या पावलांचा अभ्यास केला. १९१२पासून तिथं माप घेऊ लागले ते सैनिकाला उभं करून, अंगावर ४० पौंडांचं ओझं देऊन. भाराखाली पाऊल लांबतं, पसरतं.

४० पौंड म्हणजे सुमारे १८ किलो. आमच्या पिशव्या नि माझी सॅक भाचीच्या खांद्यांवर चढवली, जाड मोजे घालून तिला उभं केलं. डावा बूट लगेच आवळला. शेवटी पुढून रुंद, अर्धा नंबर मोठा जोड घेतला.

जुनं हाड तिनं मेडिकल बोर्डापासून लपवलं नव्हतं. बुटापासून तरी का लपवायचं?