ट्रामच्या पायरीपासून शाळेच्या बसपर्यंत

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाला अलीकडेच वाहतुकीचा दंड झाला. मुलगा मूळचा खामगावचा, गाडी चालवायला शिकला तोही आमच्या नांदुरा रस्त्यावर. समोरून आलेली शाळेची पिवळी बस थांबली होती, तिचे तांबडे दिवे लुकलुकत होते आणि हा तिच्या शेजारून सावकाश पुढे निघून गेला. कोणाला धक्का लागला नाही, कोणी ओरडलेही नाही. तरी पोलिसाने त्याला थांबविले. त्या राज्याच्या कायद्यानुसार अशा बसपासून किमान २५ फूट अंतरावर दोन्ही दिशांच्या वाहनांनी थांबावयाचे असते. न थांबल्यास किमान १०० डॉलर दंड होतो आणि परवान्यावर ५ दोषगुण चढतात.

बातमी ऐकून मावशीने विचारले, "बस तं उभीच होती ना, मंग यानं काऊन थांबावं?"

मित्रहो, आजचा धागा या प्रश्नावर आहे. उत्तर थोडे लांबचे आहे आणि त्याचा आरंभ शाळेच्या बसपासून होत नाही. तो ट्रामपासून होतो.

मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ रोजी, विजेची १९०७ मध्ये. ट्रामचे रूळ रस्त्याच्या मधोमध असत. उतारू पायरीवरून खाली उतरे तो पदपथावर नव्हे, तर थेट वाहत्या रस्त्यात. घोडागाड्यांच्या काळात हे निभावून गेले. मोटारी वाढल्या तेव्हा मात्र जगातील ट्रामच्या प्रत्येक शहरापुढे एकच पेच उभा राहिला : वाहन थांबले आहे, पण त्यातून माणसे बाहेर पडत आहेत, अशा वेळी शेजारून जाणाऱ्याचे कर्तव्य काय? अमेरिकेतील अनेक शहरांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच सांगून टाकले की थांबलेल्या ट्राममागे मोटारीने थांबावे. मेलबर्नमध्ये हा नियम आजही पाळला जातो.

आपल्याकडे काय झाले? मोटारींविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. तो अगदी आटोपशीर होता. पुढे मोटार वाहन अधिनियम, १९३९ आला. त्यामागील खरी चिंता रस्त्यावरील पादचाऱ्याची नव्हती. रेल्वेचे उत्पन्न मोटारबस आणि ट्रक पळवीत होते, ही सरकारची डोकेदुखी होती. १९३३ चा मिचेल-किर्कनेस अहवाल आणि १९३७ ची वेजवुड समिती ही त्याच काळजीची अपत्ये. म्हणून त्या कायद्याचा मोठा भाग परवाने, मार्ग आणि स्पर्धेचे नियंत्रण यांनी व्यापलेला आहे. वऱ्हाडातील कापसासाठी १८७० साली जलंब-खामगाव हा छोटा रेल्वेफाटा घातला गेला, त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. रेल्वेचे हित जपणे ही सरकारची किती जुनी सवय होती, ते खामगावकरांना वेगळे सांगावयास नको.

पण त्याच अधिनियमाच्या शेवटी, दहाव्या अनुसूचीत, वाहन हाकण्याचे काही थोडके नियम दिले होते. त्यांत एक नियम ट्रामचा होता. मोटारचालकाने ट्रामच्या कोणत्याही बाजूने जावे. मात्र रस्त्यावरील इतरांस धोका अथवा गैरसोय होईल अशा वेळी वा अशा रीतीने जाऊ नये, आणि या 'इतरां'मध्ये ट्राममधून उतरणारे व ट्राममध्ये चढू पाहणारे लोक समाविष्ट आहेत, असा त्याचा आशय. हा नियम मी प्रथम वाचला तेव्हा क्षणभर थबकलो. थांबलेल्या वाहनाशेजारी उतरणारा माणूस आपल्या कायद्याला त्या काळीच दिसला होता! पूर्ण थांबण्याची सक्ती नव्हती हे खरे, पण निदान त्या माणसाचा उल्लेख तरी होता. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली.

आता योगायोग पाहा. हा अधिनियम १ जुलै १९३९ रोजी अमलात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर या ग्रामीण शिक्षणाच्या प्राध्यापकाने सात दिवसांची परिषद भरविली. खर्चासाठी ५,००० डॉलरचे अनुदान होते. त्या वेळी अमेरिकेच्या खेड्यांतील मुले कुठे घोडागाडीतून, कुठे ट्रकमधून, वाटेल त्या रंगाच्या वाहनांतून शाळेत जात. परिषदेने बसची लांबी-उंची, आसने, मधली वाट अशी ४४ मानके ठरविली. रंगासाठी फिकट पिवळ्यापासून तांबूस नारिंगीपर्यंत अनेक छटांच्या पट्ट्या भिंतीवर टांगल्या होत्या. त्यांतून निवडलेली छटा आज जगभर ओळखली जाते. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधूक उजेडात ती दुरून दिसते आणि तिच्यावरील काळी अक्षरे स्पष्ट वाचता येतात, हे निवडीचे कारण.

रंगामुळे बस दुरून ओळखता आली. ती थांबली की बाकीच्यांनी काय करावयाचे, हे राज्याराज्यांच्या कायद्यांनी सांगितले. पुढे लुकलुकणारे दिवे आले, मग बाजूस उघडणारी 'थांबा' अशी पाटी आली. आज तेथील पन्नासही राज्यांत थांबलेल्या बसला ओलांडणे हा गुन्हा आहे. दुभाजक असलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी सवलत मिळते, कारण मूल दुभाजक ओलांडून पलीकडे जाणार नाही असे गृहीत धरलेले असते. मावशीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. बस उभी आहे म्हणूनच थांबावयाचे असते, कारण ती उभी असताना मूल तिच्या आडून रस्त्यावर येते आणि ते चालकाला दिसत नाही.

भारतात शाळेची बस कायद्याच्या नजरेत ठळकपणे आली ती एका भीषण अपघातानंतर. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझिराबाद पुलावरून विद्यार्थ्यांची बस यमुनेत कोसळली. पंचवीसहून अधिक मुले दगावली. दिल्लीतील प्रदूषण व वाहतूक यांविषयी एम. सी. मेहता यांचे प्रकरण तेव्हा सर्वोच्च न्यायालयात चालूच होते. न्यायालयाने अवघ्या दोन दिवसांनी, आणि पुन्हा १६ डिसेंबर १९९७ रोजी निर्देश दिले. बसवर पुढे-मागे 'स्कूल बस' असे लिहावे, भाड्याची असल्यास 'शालेय सेवेत' असल्याचे नमूद करावे. वेगनियंत्रक बसवून वेग ताशी ४० किलोमीटरवर रोखावा. खिडक्यांना आडव्या सळ्या, दारांना भक्कम कुलपे, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, शाळेचे नाव व दूरध्वनी क्रमांक असावा. चालकास जड वाहनाचा किमान ५ वर्षांचा अनुभव असावा, सोबत प्रशिक्षित मदतनीस असावा.

ही यादी सावकाश वाचा. यातील प्रत्येक अट शाळेवर, बसवर किंवा बसच्या चालकावर आहे. मूल खिडकीतून बाहेर पडू नये, बस नदीत पडू नये, ही भीती तिच्या ओळीओळीत आहे, आणि त्या नोव्हेंबरनंतर ती रास्तच होती. परंतु बसमधून सुखरूप उतरलेल्या मुलाचे पुढे काय, मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराने काय करावे, याविषयी त्या यादीत शब्द नाही. अपघातातून जन्मलेला नियम त्याच अपघाताचा चेहरा घेऊन येतो. आपला नियम नदीतून आला, त्यांचा रस्त्यातून.

महाराष्ट्राने २०११ मध्ये शाळेच्या बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांतून प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती आली, आणि पालक, पोलीस व परिवहन विभागाचे प्रतिनिधी एका टेबलाशी बसविण्याची सोय झाली. माझ्या मते ही समितीची कल्पना फार चांगली आहे; ती कागदावर भरते की प्रत्यक्षात, हे शाळेगणिक निराळे.

आणि दंड? मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये 'शैक्षणिक संस्थेची बस' अशी व्याख्या आहे, पण ती मालकी आणि उपयोग यांवरून केलेली. तशी बस थांबलेली असताना तिला ओलांडणे असा स्वतंत्र गुन्हा त्यात नाही. २०१९ च्या दुरुस्तीने रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंडाची तरतूद केली (कलम १९४ ई). धोकादायक वाहनचालनाच्या कलम १८४ मध्ये तांबडा दिवा तोडणे, 'थांबा' चिन्ह न जुमानणे, कायद्याविरुद्ध ओलांडणे यांची नावे घातली. आता काही बसगाड्यांच्या उजव्या अंगास तांबडी 'थांबा' पाटी बसविलेली दिसते. पण कायद्यातील वाहतूकचिन्ह म्हणजे अधिकृत प्राधिकाऱ्याने उभारलेले चिन्ह. बसला बिजागरीने जोडलेली पाटी त्यात बसते काय? विधी शाखेतील मित्रांनी यावर जरूर लिहावे. मला तर असे वाटते की अमेरिकेतून पाटी आली आणि तिच्यामागचा कायदा वाटेतच राहिला.

आणखी एक गुंता आहे, आणि तो आपल्या भागाचा आहे. उद्या असा नियम झालाच, तरी तो पिवळ्या बसपुरता राहिला तर किती मुलांना उपयोगी पडेल? खेड्यातून खामगावला शिकायला येणारी मुलगी बहुधा पिवळ्या बसने येत नाही. ती एसटीने येते, अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर. राज्यातील १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी निळ्या बसगाड्या सुरू झाल्या. उरलेली मुले ऑटोत दाटीवाटीने बसतात. १९३९ चा ट्रामचा नियम या बाबतीत अधिक शहाणा होता असे मला वाटते. वाहन कोणाचे, रंग कोणता, हे तो विचारीत नव्हता. उतरणारा कोण आणि चढणारा कोण, एवढेच पाहत होता.

परवा सकाळी पावणेसातला महामार्गाच्या कडेला उभा राहिलो. सुरतेहून कोलकात्याकडे जाणारा जुना क्रमांक ६, आताचा ५३. एसटी थांबली, सात-आठ मुली उतरल्या आणि दप्तरे सावरीत बसच्या पुढून पलीकडे निघाल्या. मागून आलेल्या तीन दुचाकी आणि एक मालवाहू छोटा हत्ती न थांबता उजवीकडून गेले. चौथा दुचाकीस्वार थांबला. त्याच्यामागच्याने लगेच हॉर्न वाजविला. त्याने पाय टेकून हात वर केला, मुली पार झाल्या, आणि मग तो निघाला. मावसभावाला हे कळविले तेव्हा त्याने एवढेच विचारले, "त्याले कोनं सांगतलं होतं?"