पाहुण्या पाखरांची वही



होळी झाली, ऊन तापायला लागलं, की आपल्याकडे लेकी माहेरी यायचे दिवस जवळ येतात. याच दिवसांत काशीगावापासून थोड्याच अंतरावर, भाईंदरच्या मिठागरांत आणि वसईच्या खाडीकाठी, हजारो पाखरं माहेरी निघायची तयारी करत असतात. थंडीत आलेल्या तुताऱ्या, चिखले, टिलवे, कुरव मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेला परततात. काही मध्य आशियात जातात, तर काही थेट सायबेरियाच्या बर्फाळ टोकापर्यंत. तिथे अंडी घालायची, पिल्लं वाढवायची आणि पावसाळा सरताना पुन्हा आपल्याकडे यायचं. म्हणजे बाळंतपणाला माहेरी जाण्यासारखंच हे आहे.

ही पाखरं येतात आणि जातात, हे खाडीवरच्या बायकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. पण ती जातात कुठे, हे माणसाला कळलं कसं? आज तोच इतिहास आम्ही सांगणार आहोत. तो ऐकला की, आपल्या गावच्या पाण्यावरच्या पाखरांची नोंद आपण का ठेवायची, तेही कळेल.

युरोपात एके काळी शिकली-सवरलेली माणसंसुद्धा म्हणायची, की थंडीत पाकोळ्या तळ्याच्या गाळात झोपून राहतात. 1822 मध्ये जर्मनीत एक करकोचा मिळाला. त्याच्या मानेत आफ्रिकेतला लांब बाण आरपार अडकलेला होता. पाखरू किती लांबून आलं, याचा पुरावा त्याच्या अंगावरच होता! पुढे 1899 मध्ये डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सेन नावाच्या शिक्षकाने साळुंकीच्या जातीच्या पाखरांच्या पायांत ॲल्युमिनियमची कडी घालायला सुरुवात केली. कड्यावर नंबर आणि पत्ता. आज आपण ज्याला ‘रिंग घालणं’ म्हणतो ते असं सुरू झालं.

आपल्याकडे 1883 मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. 1920 च्या दशकात धार संस्थानात बदकांच्या पायांत कडी घातली गेली. मोठं काम सुरू झालं ते 1959 मध्ये, डॉ. सालिम अली यांच्या देखरेखीखाली, आणि त्यामागे एक आजार होता. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला. हा रोग गोचिडांतून पसरत होता. गोचिडं दूरदेशीच्या पाखरांच्या अंगावरून तर आली नसतील, अशी शंका आली. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पाखरं पकडून, कडी घालून, सोडून द्यायचं काम देशभर चाललं. कड्यावर इंग्रजीत कोरलेलं असायचं, की मुंबईच्या या संस्थेला कळवा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, मैत्रिणींनो. कडं घातलं म्हणजे अर्धंच काम झालं. ते पाखरू हजारो मैलांवर कुणाला तरी सापडायला हवं, आणि त्या माणसाने कड्यावरचा नंबर कळवायला हवा. कळवणारा कधी शिकारी असेल, कधी शेतकरी, कधी कोळी. त्याने कडं फेकून दिलं असतं तर पाखराची वाट कधीच कळली नसती. साध्या माणसांनी पाठवलेल्या अशा निरोपांनी नकाशा भरत गेला. आज त्या वाटेला ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ म्हणतात. ती उत्तर ध्रुवाजवळच्या मुलखापासून हिंदी महासागरापर्यंत जाते आणि वाटेत 30 देश लागतात. अलीकडे कड्याच्या जोडीला यंत्रं आली. 2022 मध्ये ठाणे खाडीतल्या काही रोहित पक्ष्यांच्या अंगावर जीपीएस यंत्रं बसवली, आणि ते गुजरातकडे गेल्याचं दिसलं.

या नोंदींतून आणखी एक गोष्ट कळली. परतीच्या आधीचे हे दिवस पाखरांसाठी सगळ्यात महत्त्वाचे. लांब पल्ल्याच्या काही जाती निघण्यापूर्वी इतकं खातात, की त्यांचं वजन जवळपास दुप्पट होतं. ती चरबी म्हणजे वाटेची शिदोरी. थंडीभर राखाडी दिसणाऱ्या काही तुताऱ्यांचं पोट याच दिवसांत विटकरी लाल होतं, जणू माहेरी निघताना नवं लुगडं नेसावं. या दिवसांत खाण्याची जागा गेली तर पाखरू अर्ध्या शिदोरीवर निघतं, आणि वाटेतच थकतं.

मग ही शिदोरी मिळते कुठे? आपल्याकडे पुष्कळदा मिठागरांत. उधाणाच्या भरतीचं पाणी बांधाच्या दारातून आत घ्यायचं, उथळ वाफ्यांतून पुढे पुढे न्यायचं. उन्हाने पाणी आटतं आणि खारटपणा वाढत जातो. कमी खारट पाण्यात मासळी आणि किडे, जास्त खारट पाण्यात बारीक कोळंबीसारखे जीव. प्रत्येक चोचीला तिचं ताट वाढलेलं! भरतीला खाडीचा चिखल बुडाला की पाखरं याच बांधांवर येऊन बसतात. हे ताट निसर्गाने एकट्याने वाढलेलं नाही. बांध घालणारे, वाफे तुडवणारे आणि डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहणाऱ्या बायका, यांच्या कष्टाने ही पाणथळ जागा टिकली. 1930 च्या सत्याग्रहामुळे वडाळ्याची आणि शिरोड्याची मिठागरं इतिहासाच्या पुस्तकात गेली. मिठागरांनी जगवलेल्या पाखरांचं नाव मात्र तिथे आलं नाही.

आता पुष्कळ मिठागरांत पूर्वीसारखं मीठ पिकत नाही. मीठ थांबलं की बांध फुटतात, वाफे सुकतात, आणि कागदावर ती जमीन ‘मोकळी’ दिसायला लागते. शहराजवळ मोकळ्या जमिनीला काय भाव असतो, ते सांगायला नको. केंद्र सरकारचे 2017 चे पाणथळ जागांचे नियम आहेत. पण मीठ पिकवायला, शेतीच्या पाण्यासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा मासे पाळायला माणसाने बांधलेल्या जागा त्यांतून वगळल्या आहेत. म्हणजे मिठागर आणि गावचा पाझर तलाव, दोघांची गत सारखीच. कांदळवनाला 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भक्कम आधार दिला, शेजारच्या मिठागराला तसा आधार नाही.

म्हणून काहीच करता येत नाही का? येतं. समुद्रापासून लांब, नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात चला. तिथे गोदावरी आणि कादवेच्या संगमावर ब्रिटिश काळात बंधारा बांधला, तो शेतीच्या पाण्यासाठी. त्यात गाळ साचला, बेटं झाली, गवत वाढलं आणि पाखरं यायला लागली. ते नांदूर मध्यमेश्वर. पाखरं पाहणारे तिथे वर्षानुवर्षं गेले, त्यांनी नावं लिहिली, आकडे लिहिले. 1986 मध्ये अभयारण्य झालं. 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं, म्हणजे जगाने मान्य केलेली पाणथळ जागा. पुढे 2022 मध्ये ठाणे खाडीलाही तो मान मिळाला. नांदूरचं पाणीसुद्धा माणसानेच अडवलेलं होतं. फरक एवढाच, की तिथली पाखरं वहीत होती.

बचत गटात आपण काय म्हणतो? वहीत नाही ते झालंच नाही. पाखरांचंही तसंच आहे. 1987 पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, आणि तिच्यात हौशी माणसंही भाग घेतात. पण मार्च-एप्रिलची परतीची नोंद आपण गावातच ठेवू शकतो. त्यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही. तारीख, वेळ, पाण्याची जागा, भरती की ओहोटी, अंदाजे किती पाखरं, आणि आपल्या गावात त्यांना काय म्हणतात, एवढं लिहायचं. गावचं नाव आवर्जून लिहा. मारुती चितमपल्ली यांनी रानात राहणाऱ्या माणसांकडून पाखरांची नावं गोळा केली, म्हणून मराठीचा शब्दसाठा वाढला. पाखराच्या पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली, तर त्यावरची अक्षरं लिहून वनखात्याला कळवा. पाखराला पकडू मात्र नका.

सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन आणि पाखरं दाखवतात. खाडी त्यांच्या ओळखीचीच होती, त्या ओळखीतून त्यांनी रोजगार उभा केला.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत वहीचं एक पान पाखरांसाठी राखून ठेवा. तळं असो, धरण असो, खाडी असो, येत्या आठवड्यात एका सकाळी दोघी-तिघींनी मिळून जा आणि मोजा. उद्या कुणी म्हणालं, की इथे काही नव्हतंच, तर आपली वही पुढे ठेवता येईल.