गाठी दिसल्या, सांगितलं कुणाला?



२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या गाईच्या अंगावर गाठी उठल्या. ताईंनी मुलाचा मोबाईल घेतला आणि त्यात बोलून विचारलं, "गाईच्या अंगावर गाठी आल्या, काय करू?" उत्तरं ढीगभर आली. दवाखान्यात मात्र चौथ्या दिवशी कळवलं. गाय गेली, गटाच्या कर्जाचे हप्ते मागे राहिले. तेव्हा आम्हाला प्रश्न पडला, मोबाईलला पहिल्या दिवशी कळलं, तर साथ येतेय हे त्यावरून ओळखता येईल का?

हा प्रश्न नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांना बुळकांडी माहीत होती. ताप, तोंडात फोड, पातळ हगवण, आणि बघता बघता दावण रिकामी. जनावरांच्या अशा रोगांचा अभ्यास करायला १८८९ साली आपल्या पुण्यातच सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. नंतर चांगली लस आली. पण रोग खरंच संपलाय की कुठं दडून बसलाय, हे कसं ओळखायचं? त्यासाठी पथकं गावोगाव फिरली, जनावरं सांभाळणाऱ्यांना लक्षणं विचारत. भारतात बुळकांडी शेवटची १९९५ मध्ये दिसली. २०११ मध्ये सगळं जग तिच्यातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

आता मोबाईलचं बघू. २००८ साली अमेरिकेत गुगलने एक प्रयोग केला. फ्लूची लक्षणं किती लोक शोधतात, ते मोजून साथीचा अंदाज सांगायचा. सरकारी आकडे यायच्या आठवडा-दोन आठवडे आधी अंदाज मिळू लागला. सगळ्यांना नवल वाटलं. पण २००९ मध्ये स्वाईन फ्लू आला तेव्हा सुरुवातीला अंदाज कमी पडला. २०१२-१३ च्या हिवाळ्यात उलटं झालं, अंदाज खऱ्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. टीव्हीवर बातम्या आल्या की निरोगी माणसंही घाबरून शोधतात, हे त्याचं एक कारण सांगतात. २०१५ मध्ये हा प्रयोग थांबला.

तरी विचार थांबला नाही. जनावरांच्या रोगांसाठीही संशोधकांनी असे शोध तपासले. आपल्याकडे त्यातली अडचण लगेच दिसते. लम्पी देशात २०१९ ला ओडिशात आला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यात दिसला. मग बातम्या सुरू झाल्या आणि ज्यांच्या दारात गाय नाही तेही मोबाईलवर लम्पी शोधू लागले. दुधातून माणसाला लागतो का, ही भीती होती. लम्पी माणसाला होत नाही, पण भीतीपोटी केलेला शोधही मोजणीत येतोच. उलट ज्या वस्तीवर रेंज नाही, किंवा मोबाईल घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो, तिथली आजारी गाय मोजणीत येतच नाही. शिवाय कुणी लम्पी म्हणतं, कुणी गाठी, कुणी फोड.

म्हणून आपल्या देशात बंगळुरूची सरकारी संस्था जनावरांच्या साथींचा अंदाज सांगते तो मागच्या साथींच्या नोंदी, पाऊस, तापमान यांवरून. त्या नोंदी कुठून येतात? कुणीतरी कळवलं तरच येतात. २००९ च्या कायद्यानुसार ठरावीक साथीचे रोग कळवणं मालकावर बंधनकारक आहे.

पहाटे धार काढताना कासेला हात आपला लागतो. चारा तसाच राहिलेला, अंगावर आलेली पहिली गाठ, आपल्याच डोळ्यांना आधी दिसते. मोबाईलवर जरूर शोधा, पण त्याच दिवशी १९६२ ला फोन करा, दवाखान्यात आणि ग्रामपंचायतीत सांगा. आजारी जनावर वेगळं बांधा, गोचीड-माश्या आवरा. आम्ही आता बैठकीच्या वहीत बचतीच्या रकान्याशेजारी आजारी जनावराचा रकाना आखलाय, तारीख आणि लक्षण लिहायला. तुमच्या वहीतही आखा.