पांढऱ्या कोळशापासून अब्जांश तंत्रापर्यंत : एका फ्रेंच शहराची दीडशे वर्षे

जानेवारी २००० मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी राष्ट्रीय नॅनोतंत्रज्ञान उपक्रमाची घोषणा केली आणि 'नॅनो' हा शब्द प्रयोगशाळेतून वर्तमानपत्रांच्या अर्थपुरवण्यांत येऊन पोहोचला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या एका अहवालात असा अंदाज मांडला गेला की, २०१५ च्या सुमारास नॅनोतंत्राशी निगडित वस्तू व सेवांची बाजारपेठ वर्षाला एक लाख कोटी डॉलरांची होईल. हा आकडा जगभर उद्धृत झाला. देशोदेशीची सरकारे, प्रांत आणि नगरपालिकाही आपापल्या भागात नॅनो-केंद्र असावे म्हणून धडपडू लागल्या.

ह्या आकड्याकडे थोडे बारकाईने पाहायला हवे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर भरते. ज्या पदार्थाचे एक तरी परिमाण १ ते १०० नॅनोमीटरच्या टप्प्यात आहे, तो सर्वसाधारणपणे नॅनोपदार्थ मानला जातो. आता संगणकातील चिपवर असे सूक्ष्म घटक असतात म्हणून सगळ्या संगणकाची किंमत नॅनोतंत्राच्या नावावर लिहायची का? फोडणीत चिमूटभर हिंग पडला म्हणून पातेलेभर आमटीची किंमत हिंगाच्या खात्यावर मांडावी, तसा तो हिशेब होतो. हिंगावाचून आमटीला चव नाही हे खरे. पण हिंगाचा बाजार आणि आमटीचा बाजार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आकडे बाजूला ठेवून दुसरा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे आहे. एखाद्या प्रदेशात असे तंत्र रुजते ते कशामुळे? निधी जाहीर केला, इमारत बांधली, की उद्योग उभा राहतो का? ह्याचे उत्तर शोधायला आग्नेय फ्रान्समधील ग्रनोब्ल ह्या शहराचा इतिहास फार उपयोगी पडतो.

डोंगर, पाणी आणि कागद

आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, इझेर आणि द्राक ह्या नद्यांच्या संगमावर ग्रनोब्ल वसले आहे. शार्त्रझ, वेर्कोर आणि बेलदोन ह्या तीन पर्वतराजींनी ते वेढलेले आहे. एकोणिसाव्या शतकात हे शहर कातडी हातमोज्यांसाठी प्रसिद्ध होते. आसपास कागदाच्या गिरण्याही होत्या. पण कारखानदारीला लागणारा कोळसा लांबून आणावा लागे व तो महाग पडे.

इ.स. १८६९ मध्ये आरिस्तीद बेर्झेस नावाच्या अभियंत्याने शहराजवळच्या लाँसे ह्या गावी एक धाडस केले. लाकूड भरडून कागदाचा लगदा करण्यासाठी त्याला यांत्रिक शक्ती हवी होती. बेलदोन पर्वतावरून येणारे पाणी त्याने सुमारे २०० मीटर उंचीवरून बंद लोखंडी नळातून खाली आणले आणि टर्बाइनवर सोडले. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो, हे आपण वर्गात शिकवतो. म्हणजे नळाच्या तळाशी सुमारे २० वातावरणे दाब होता. असा नळ फुटणार नाही, सांध्यांतून गळणार नाही, अशी खात्री त्या काळी कोणी देऊ शकत नव्हते. बेर्झेसचा नळ टिकला. पुढे त्याने ५०० मीटर उंचीचे पाणीही वापरले. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी २०० मीटर उंचीवरून पडले, तर त्यातून सैद्धान्तिकदृष्ट्या जवळजवळ २००० किलोवॉट शक्ती मिळते. हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.

डोंगरावरील बर्फ आणि हिमनद्यांच्या पाण्यातील ह्या शक्तीला बेर्झेसने 'पांढरा कोळसा' म्हटले. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याने हा शब्द गाजवला. डायनॅमो हाती आल्यावर त्याच पाण्यापासून वीज निर्माण होऊ लागली आणि ग्रनोब्लचे नशीब पालटले.

संध्याकाळचे वर्ग

आपल्या दृष्टीने ह्या कथेतील सर्वांत महत्त्वाचे पान येथे आहे. वीज आली, पण ती समजणारी माणसे कोठून आणायची? १८९२ मध्ये ग्रनोब्लच्या विज्ञान विद्याशाखेतील पॉल झाने ह्या तरुण प्राध्यापकाने औद्योगिक विजेवर संध्याकाळची सार्वजनिक व्याख्याने सुरू केली. ऐकायला विद्यार्थ्यांबरोबर कारखान्यांत काम करणारी मंडळीही येत. विद्यापीठातील प्राध्यापकाने उद्योगासाठी शिकवावे ही कल्पनाच त्या काळी नवीन होती. ह्या वर्गांतून विसाव्या शतकाच्या आरंभी विद्युत्-तंत्राची एक संस्था आकाराला आली. १९०७ मध्ये स्थानिक व्यापारी मंडळाचे प्रमुख कासिमीर ब्रेनिए यांनी तिला जागा दिली. तीच पुढे वाढत वाढत तेथील राष्ट्रीय तंत्रशास्त्र संस्था झाली.

१९२० मध्ये पॉल-लुई मेर्लँ आणि गास्ताँ जेरँ ह्या दोघांनी विजेची उपकरणे बनवणारा कारखाना काढला. १९२५ मध्ये शहरात पांढऱ्या कोळशाचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्या वेळी बांधलेला काँक्रीटचा उंच मनोरा आजही उभा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ह्याच मेर्लँ यांनी विद्यापीठाच्या मित्रमंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि कारखानदार व प्राध्यापक यांना एका टेबलाशी बसवण्याचे काम केले. १९५० च्या दशकाच्या आरंभी नोकरी करणाऱ्या तंत्रज्ञांना संध्याकाळी शिकून अभियंता होण्याची सोय येथे झाली. ह्या सगळ्यात 'नॅनो' कोठेही नाही. पण नॅनोतंत्र ज्या जमिनीत पुढे रुजणार होते, तिची मशागत होत होती.

चुंबकत्वाचा अभ्यासक

लुई नेएल हे चुंबकत्वाचे अभ्यासक स्ट्रासबूर्ग येथे काम करीत. युद्धाच्या सुरुवातीला जर्मन चुंबकीय सुरुंगांपासून फ्रेंच जहाजे वाचवण्याचे तंत्र त्यांनी तयार केले. १९४० मध्ये फ्रान्सचा पराभव झाला, स्ट्रासबूर्ग जर्मनीच्या ताब्यात गेले आणि नेएल ग्रनोब्लला आले. युद्ध संपल्यावर मोठ्या शहरात जाण्याऐवजी त्यांनी तेथेच राहायचे ठरवले. त्यांच्या प्रयत्नाने १९५६ मध्ये फ्रेंच अणुऊर्जा आयोगाचे संशोधन केंद्र ग्रनोब्लला स्थापन झाले. १९७० मध्ये त्यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. पदार्थाच्या अंतरंगात अणूंची चुंबकीय दिशा कशी रचलेली असते, हा त्यांचा विषय. म्हणजे अणूच्या पातळीवर विचार करण्याची सवय ह्या गावाला तेव्हापासूनच लागली होती. पुढे न्यूट्रॉन आणि क्ष-किरण वापरून पदार्थाची रचना तपासणाऱ्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थाही तेथे आल्या.

अणुकेंद्राला मोजमापासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणे लागत. ती बनवणाऱ्या विभागातून १९६७ मध्ये 'लेती' ही इलेक्ट्रॉनिकीची प्रयोगशाळा जन्मली. १९७२ मध्ये तिच्यातून चिप बनवणारी एक कंपनी निघाली. पुढे तिचा कारभार एका मोठ्या फ्रेंच उद्योगाकडे गेला. १९८७ मध्ये त्या उद्योगाचा अर्धवाहक विभाग आणि एक इटालियन कंपनी एकत्र आल्या आणि त्यातून आज एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स ह्या नावाने ओळखली जाणारी कंपनी झाली. १९९० च्या दशकात तिचा कारखाना ग्रनोब्लजवळच्या क्रोल ह्या गावी सुरू झाला.

प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंतचा प्रवास कसा होतो, ह्याचे एक सुंदर उदाहरण पाहू. लेतीमधील मिशेल ब्र्युएल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी सिलिकॉनचा अतिशय पातळ पापुद्रा काढण्याची युक्ती शोधली. सिलिकॉनच्या चकतीवर हायड्रोजनच्या आयनांचा मारा करायचा. ते पृष्ठभागाखाली काही शे नॅनोमीटर खोलीवर एका पातळीत जाऊन बसतात. मग ही चकती दुसऱ्या चकतीला चिकटवून तापवायची. हायड्रोजनचे सूक्ष्म बुडबुडे होतात आणि त्या पातळीवर सिलिकॉन सरळ तुटते. टपालाची तिकिटे भोकांच्या रांगेवर फाटतात तसेच. पातळ थर दुसऱ्या चकतीवर राहतो आणि उरलेली पहिली चकती पुन्हा वापरता येते. थराखाली विद्युत्-रोधक ऑक्साइड असल्याने विजेची गळती कमी होते. १९९२ मध्ये लेतीतील दोन संशोधकांनी सोइटेक ही कंपनी काढली आणि ह्या युक्तीचा व्यवसाय केला. अशा चकत्यांवरील चिप आज स्मार्टफोनच्या रेडिओ भागात सर्रास वापरल्या जातात. नॅनोतंत्राची व्यापारी ताकद म्हणतात ती बहुतेक वेळा अशी असते. ग्राहकाला ती दिसत नाही आणि दुकानात 'नॅनो' म्हणून विकायला ठेवलेलीही नसते.

मिनाटेक आणि त्याला झालेला विरोध

लेतीचे संचालक झाँ तेर्म यांनी ह्या सगळ्याला एका आवारात आणण्याची कल्पना मांडली. अणुऊर्जा आयोग आणि तंत्रशास्त्र संस्था एकत्र आल्या. शहर, जिल्हा व प्रांत यांच्या निर्वाचित मंडळांनी खर्चाचा मोठा वाटा उचलला. जून २००६ मध्ये 'मिनाटेक' ह्या केंद्राचे उद्घाटन झाले. सुमारे २४०० संशोधक, १२०० विद्यार्थी आणि उद्योगांतील ६०० तज्ज्ञ शेजारी शेजारी काम करतील, अशी ती योजना होती. सोबत १० हजार चौरस मीटर धूळमुक्त दालने होती.

उद्घाटनाच्या वेळी शहरात निषेधाचा मोर्चा निघाला. ह्या विरोधाला काही वर्षांची पार्श्वभूमी होती. २००० नंतर एक छोटा गट पत्रके लिहून प्रश्न विचारत होता. गटाचे नाव फ्रेंच गॅरेजच्या बिलावर असते तसे, 'सुटे भाग आणि मजुरी'. त्यांचे प्रश्न असे : हे केंद्र व्हावे हे कोणी ठरवले? सूक्ष्म संवेदक उद्या माणसांवर पाळत ठेवायला वापरले तर? लष्कराचा ह्यात किती वाटा आहे? नॅनोकण फुप्फुसांत गेले तर काय होईल? ॲस्बेस्टॉसवर फ्रान्समध्ये १९९७ मध्ये बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. ती आठवण ताजी होती. दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते की ह्यातून रोजगार, नवी औषधनिदान साधने आणि विजेची बचत मिळेल, आणि आपण थांबलो तर दुसरे देश पुढे जातील.

ग्रनोब्ल परिसराच्या महानगर मंडळाने समाजशास्त्रज्ञांची एक समिती नेमली. २००५ मध्ये तिने अहवाल दिला आणि निर्णयाच्या आधी नागरिकांशी खुली चर्चा करण्याच्या पद्धती सुचवल्या. ऑक्टोबर २००९ ते फेब्रुवारी २०१० या काळात फ्रान्स सरकारने देशभर सार्वजनिक चर्चासभा घेतल्या. ग्रनोब्लची सभा विरोधकांच्या घोषणांमुळे होऊच शकली नाही आणि इतरत्रही काही सभा उधळल्या गेल्या. निर्णय आधीच झाले आहेत, मग चर्चा कसली, असा विरोधकांचा आक्षेप होता. त्यांची रीत पटो वा न पटो, आक्षेप बिनतोड होता. केंद्र २००६ मध्ये सुरू झाले आणि देशाला मत विचारले गेले २००९ मध्ये.

तरीही हा गोंधळ वाया गेला असे म्हणता येत नाही. १ जानेवारी २०१३ पासून फ्रान्समध्ये नवा नियम लागू झाला. वर्षाला १०० ग्रॅमहून अधिक नॅनोकण बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या वा वितरित करणाऱ्याला त्याची नोंद सरकारकडे करावी लागते. २०२० पासून खाद्यपदार्थांत पांढरा रंग म्हणून घातल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला फ्रान्सने मनाई केली आणि २०२२ मध्ये युरोपीय संघाने तेच केले. त्याच्या चूर्णात नॅनो आकाराचे कणही असतात.

पुन्हा पाणी

जुलै २०२२ मध्ये क्रोलच्या कारखान्याच्या विस्ताराची ५.७ अब्ज युरोंची योजना जाहीर झाली. त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये कडक दुष्काळ पडला. चिप बनवताना प्रत्येक टप्प्यावर चकती अतिशुद्ध पाण्याने धुवावी लागते आणि त्यासाठी पाणी भरपूर लागते. २०२३ मध्ये ह्या पाण्याच्या प्रश्नावर ग्रनोब्ल परिसरात पुन्हा मोर्चे निघाले. वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्यावर कारखान्याचा भर आहे. परंतु लोकांचा प्रश्न त्याहून मोठा आहे : डोंगरातून येणारे हे पाणी कोणाचे, आणि आटत चालल्यावर ते कोणाला आधी?

नकाशात पाहिले तर क्रोल आणि बेर्झेसचे लाँसे ही दोन्ही गावे एकाच खोऱ्यात, इझेर नदीच्या दोन काठांवर जवळजवळ समोरासमोर आहेत. एका काठावर १८६९ मध्ये पाण्याने उद्योगाला जन्म दिला, दुसऱ्या काठावर आज तेच पाणी उद्योगाची मर्यादा दाखवत आहे.

ग्रनोब्लसारखे केंद्र आपल्याकडे हवे, असे जगातील अनेक प्रांतांच्या पुढाऱ्यांना वाटते. त्यांना तेथील काचेची इमारत दिसते. तिच्या पायाखालचे १८९२ चे संध्याकाळचे वर्ग, ब्रेनिए यांनी दिलेली जागा आणि युद्धात विस्थापित होऊन आलेला एक शास्त्रज्ञ सहसा दिसत नाहीत. लोकांना वेळेवर न विचारण्याची किंमतही दिसत नाही. ज्या शिक्षकांना हा विषय वर्गात घ्यायचा असेल, त्यांनी विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्यातील एखादा उद्योग निवडायला सांगावा आणि चार प्रश्नांची उत्तरे शोधायला लावावीत : तो येथेच का आला, त्याला लागणारी माणसे कोठे शिकली, त्याचे पाणी कोठून येते, आणि तो यावा हे कोणी ठरवले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा मिळतील. चौथ्याचे उत्तर शोधताना विज्ञानाच्या तासाला नागरिकशास्त्राचे पुस्तकही उघडावे लागेल.