टपालाने आलेले मुखपृष्ठ

लष्करचा दालबाजार ही ग्वाल्हेरची घाऊक धान्यपेठ. पोती, काटे, आडते, हमाल, आणि या सगळ्यांची बोली हिंदी. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे छावणी टाकली, छावणीचे शहर झाले आणि ‘लष्कर’ हेच त्या शहराचे नाव पडले. शिंद्यांबरोबर आलेले सरदार, चिटणीस, कारकून, भिक्षुक, गवई पेठांच्या आसपास घरे करून राहिले. चिटणीस की गोठ या वस्तीच्या नावात मराठी हुद्दा आणि हिंदी प्रत्यय अजून शेजारी बसलेले दिसतात. पेठेत हिंदी आणि उंबऱ्याच्या आत मराठी, अशी ही राहणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. भास्कर रामचंद्र तांबे यांच्यासारखा कवी याच मुलखात वाढला आणि १९४१ मध्ये ग्वाल्हेरलाच वारला. १९६१ चे मराठी साहित्य संमेलनही ग्वाल्हेरला भरले, कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली. अशा गावात मराठी मासिक ही बाजारात चालता चालता दिसणारी वस्तू नव्हती. ते टपालाने घरी यायचे. मराठी मासिकाच्या मुखपृष्ठाचा इतिहास समजून घ्यायचा तर पुण्या-मुंबईच्या स्टॉलपेक्षा लष्करातल्या अशा घरापासून सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते. माझे म्हणणे असे, की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी मुखपृष्ठ घडले ते आधीच पैसे भरलेल्या वाचकाच्या घरासाठी. रस्त्यावरच्या अनोळखी गिऱ्हाइकाला थांबवणे हे त्याचे मुख्य काम नव्हते, आणि त्याचे गुणदोष बहुतेक इथूनच आले.

एकोणिसाव्या शतकातल्या मासिकांना आजच्या अर्थाने मुखपृष्ठ नव्हतेच. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ १८४० चे, ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ चे, चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ ची. त्यांचे पहिले पान म्हणजे टाइपात जुळवलेले नाव, अंकाची माहिती, फार तर छापखान्याच्या खणातली वेलबुट्टीची चौकट. वाचक विद्वान, मजकूर विद्वानांचा, तेव्हा चित्राची गरज कोणाला भासली नाही. पुढे दोन गोष्टी बदलल्या. १८७७ मध्ये सरकारी टपालखात्याने व्ही. पी. सुरू केली. पोस्टमनने माल हातात द्यायचा, पैसे घ्यायचे आणि ते पाठवणाऱ्याला पोचते करायचे. दूरच्या गावच्या वर्गणीदाराशी व्यवहार करण्याची सोय छोट्या प्रकाशकाला यामुळे झाली. संस्थानांच्या वेगळ्या टपालाचा प्रश्न होता, पण ग्वाल्हेरने ब्रिटिश टपालाशी करार केला आणि १८८५ पासून व्हिक्टोरिया राणीच्या तिकिटांवर ‘ग्वालियर’ ही अक्षरे छापून ती संस्थानात चालू लागली. करारामुळे संस्थानाचे टपाल ब्रिटिश टपालाला जोडले गेले. रेल्वेही याच काळात आली. आधी आग्र्याच्या बाजूने, मग झाशीकडून, आणि १९०० मध्ये हा मार्ग जी. आय. पी. रेल्वेच्या ताब्यात गेल्यावर मुंबई ते ग्वाल्हेर एकाच कंपनीच्या रुळांवरून टपालाच्या थैल्या धावू लागल्या. मराठी मासिकाचा वाचक इंदूर, बडोदे, नागपूर, धारवाड असा पसरला तो याच सोयींवर.

या पसरलेल्या वाचकाला कुटुंबासकट हाताशी धरले ते काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी. त्यांचे ‘मनोरंजन’ १८९५ चे, आणि १९०९ चा त्यांचा दिवाळी अंक हा मराठीतला पहिला मानला जातो. इंग्रजी मासिकांचे नाताळचे खास अंक त्यांच्यासमोर होते. पण नाताळच्या अंकाची जागा त्यांनी दिवाळीला दिली, म्हणजे फराळ, नवी वस्त्रे आणि माहेरवाशीण यांच्या जोडीला अंकाला बसवले, तेव्हाच मुखपृष्ठाचे काम ठरून गेले. ते आता सणाच्या घरात ठेवण्याजोगे असायला हवे होते. त्यासाठी चित्रकारही तयार होत होते. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले आणि पुढे तिथेच मास्तर झाले. तैलचित्रांइतकेच मन लावून त्यांनी पोस्टकार्डे, जाहिराती आणि पुस्तकांतली चित्रे काढली. लुगड्याचा काठ कसा पडतो, पदर खांद्यावरून कसा येतो, पाटल्या-बांगड्यांचा क्रम काय, हे त्यांच्या रेषेला पाठ होते. रविवर्म्याच्या प्रेसने १८९४ पासून शिळाछापावरच्या देवी घरोघर पोचवल्या होत्याच. म्हणजे भिंतीवर छापील चित्र लावायची सवय घरांना लागलेली होती. मासिकाच्या मुखपृष्ठाने ती सवय उचलली आणि दरमहा नवे चित्र घरात आणायला सुरुवात केली.

हे चित्र छापायचे कसे, हा मात्र वेगळाच झगडा होता, आणि मुखपृष्ठ सुधारत नेण्याचा खरा इतिहास ब्लॉकच्या कारखान्यात घडला. रविवर्म्याच्या शिळाछापात एकेका रंगाला एकेक दगड लागे. मासिकाला ते वेळेत आणि पैशांत परवडणारे नव्हते. हाफटोन आणि तिरंगी ब्लॉकमुळे वाट मोकळी झाली. कलकत्त्यात उपेंद्रकिशोर राय यांनी १८९५ मध्ये या कामाची पेढी काढून परदेशातल्या मुद्रकांनी दखल घ्यावी असे प्रयोग केले. तिरंगी ब्लॉकची रीत थोडक्यात अशी. चित्रकार चित्र छपाईच्या मापापेक्षा मोठे रंगवतो आणि वर नावासाठी मोकळी जागा सोडतो. ब्लॉकमेकर त्याचे वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून फोटो घेतो. पिवळा, तांबडा, निळा असे तीन तांब्याचे पत्रे आणि बहुधा चौथा काळा. प्रत्येक पत्र्यावर चित्र बारीक ठिपक्यांत फुटते, आणि एकावर एक छापल्यावर डोळा ते ठिपके जोडून रंग पाहतो. आता पहिले प्रूफ येते, आणि बाईचा चेहरा शेंदरी निघतो. तांबडा कमी करायचा तर तिचा शालूही त्याच पत्र्यावर आहे. सबंध पत्रा आम्लात टाकला तर ठिपके झिजून चेहरा ताळ्यावर येईल, पण शालू विटेल. म्हणून कारागीर कुंचल्याने शालूवर लाखेचे रोगण चढवतो, चेहऱ्याचा भाग उघडा ठेवतो, काही क्षण आम्ल लावतो, धुतो आणि पुन्हा प्रूफ काढतो. मग गाल बसतो, तर गळ्याखालची सावली हिरवट दिसते, म्हणून निळा पत्रा हातात घ्यायचा. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर संपादक मान डोलावतो, आणि तरीही ट्रेडल छपाईयंत्रावर कागद केसभर सरकला की ओठ दोन ठिकाणी उमटतात. या कारागिरांची नावे अंकावर येत नसत. मराठी मुखपृष्ठाचे श्रेय वाटताना चित्रकाराच्या सहीच्या शेजारी या हातांना जागा द्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. मुखपृष्ठ घडवले ते तंत्राने. तिरंगी ब्लॉक आला म्हणून रंगीत चित्र आले. घर आणि टपाल यांचा त्यात काय संबंध? याचे उत्तर मुंबईत सापडते. बाबूराव पटेल यांचे इंग्रजी ‘फिल्मइंडिया’ १९३५ चे. त्याची मुखपृष्ठे एस. एम. पंडितांसारख्या निष्णात चित्रकाराने रंगवली. छपाईची रीत तीच. पण तिथे नटीचा चेहरा पान भरून समोर येतो, रंग भडक आणि नजर थेट पाहणाऱ्यावर. ते मासिक सिनेमाच्या गर्दीचे होते आणि गर्दीतून हात पुढे यावा अशीच त्याची रचना होती. त्याच वर्षांत किर्लोस्करवाडीहून निघणारी मासिके पाहावीत. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० ची, १९२९ मध्ये तिचे ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आली आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. वाडी म्हणजे माळावर उभी राहिलेली कारखान्याची वसाहत. तिथे कसला स्टॉल? अंक बाहेर पडायचे ते टपालाने आणि रेल्वेने. संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकी, स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार. मजकूर निवडणारा आणि चित्र पारखणारा डोळा एकच होता. तेव्हा हत्यार तेच असूनही मुखपृष्ठे वेगळी निघाली, कारण ती वेगळ्या ठिकाणी पाहिली जाणार होती.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. वर्गणी आधीच भरलेली असेल तर दरमहा नव्या मुखपृष्ठावर एवढा खर्च कशासाठी? जुनीच चौकट छापली असती तरी अंक पोचलाच असता. इथे घर म्हणजे एकटा वर्गणीदार नव्हे, हे ध्यानात घ्यावे लागते. वर्गणी भरणारा बहुधा घरातला कर्ता पुरुष, पण वर्षाअखेरीस ती पुन्हा भरायची की नाही हे अंक कोणाच्या हातांत फिरतो त्यावर ठरे. सून, लेक, शाळकरी मुलगा, शेजारीण, सगळ्यांना अंकाने आपलेसे करायला हवे होते. ‘स्त्री’ मासिकाचे चालणेच यावर अवलंबून होते. मुखपृष्ठाने घरातल्या बाकीच्यांशी ओळख करून दिली, आणि जिथे बाहेर सगळे जग हिंदी बोलते अशा लष्करासारख्या ठिकाणी नऊवारीतल्या बाईचे, तुळशीवृंदावनाचे, आकाशकंदिलाचे चित्र ही ओळख दुप्पट घट्ट करत असणार. शिवाय त्या चित्रांवर आतल्या मजकुराच्या ओळी क्वचितच असत. वर मासिकाचे नाव, फार तर महिना आणि किंमत. विकत घ्यावे की नाही अशा विचारात उभ्या असलेल्या माणसाला आत काय आहे ते ओरडून सांगावे लागते. ज्याच्या घरी अंक येऊन पडला आहे तो माणूस तो उघडणारच. माझ्या प्रतिपादनाचा सगळ्यात भक्कम पुरावा ही न लिहिलेली ओळच आहे.

दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्याकडे यायचे ते या पार्श्वभूमीवर. दोघेही गोव्याचे, दोघांमध्ये दोन वर्षांचे अंतर. दलालांचा जन्म १९१६ चा, मुळगावकरांचा १९१८ चा. दलालांनी मुंबईत चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि १९४५ पासून ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक काढला. मुळगावकरांनीही ‘रत्नप्रभा’ चालवला. ज्यांच्या चित्रासाठी संपादक खेटे घालत, त्या दोन्ही चित्रकारांनी स्वतः अंकाचे यजमानपद घेतले, ही गोष्ट विलक्षण आहे. शंवाकी धरले तर तीन. दलालांचा कुंचला मोकळा, थोडक्या फटकाऱ्यांत आकार उभा करणारा. मुळगावकरांचे काम स्प्रेच्या गुळगुळीत छटांचे, देवादिकांच्या चेहऱ्यावर तेज आणणारे. मुळगावकरांची हीच चित्रे कॅलेंडरांवरून देशभर गेली, आणि म्हणूनच टीका होते की ही सगळी कॅलेंडरकला. सुंदर बाई दाखवून अंक खपवायचा एवढाच तिचा धर्म.

या टीकेत तथ्य आहे आणि ते नाकारू नये. या मुखपृष्ठांवरच्या बायका गोऱ्या आहेत, भरल्या घरच्या आहेत. त्यांच्या हातांना घट्टे नाहीत. पेरणी करणारी, गिरणीत जाणारी, पोती उचलणारी बाई दिवाळीच्या मुखपृष्ठावर जवळजवळ येतच नाही. घरासाठी चित्र काढायचे ठरले की कोणाच्या घरासाठी हा प्रश्न मागोमाग येतोच, आणि उत्तर उच्चवर्णीय, पगारदार घरासाठी असे येते. पण सुंदरी म्हणजे केवळ आमिष, हे पटत नाही. आमिष लावायचे ते अनोळख्याला. ही चित्रे सासू-सुनांसमोर, देवघराशेजारच्या कोनाड्यात महिनाभर राहणार होती, आणि चित्रकाराला ते पक्के ठाऊक होते. म्हणून ती बाई बहुधा काही करत असते, पणती लावते, रांगोळी घालते, फुले माळते, आणि पाहणाऱ्याकडे तिचे लक्ष नसते. ‘फिल्मइंडिया’च्या थेट नजरेशी हे ताडून पाहावे. ‘सत्यकथा’ मासिकाने पुढे मुखपृष्ठ नवचित्रकलेला मोकळे करून दिले, तेही वर्गणीदारांच्या छोट्या पण निष्ठावंत घरांच्या जोरावरच. मधुकर पाटकरांचा ‘आवाज’ हा दिवाळी अंक १९५१ चा. त्यातल्या खिडकीचित्रांची, म्हणजे कापलेल्या खिडकीतून मागच्या पानाचा भाग दाखवणाऱ्या चित्रांची, गंमत पान हातात घेऊन उलटल्याशिवाय कळत नाही. स्टॉलवरही तिने गिऱ्हाईक ओढले असेल, पण चारचौघांत अंक फिरवत हसायची ती वस्तू होती.

मुंबई-पुण्यात स्टॉल होते, दिवाळीत रस्त्यांवर अंकांच्या राशी लागत, आणि शतकाच्या उत्तरार्धात तोल तिकडेच झुकला हे खरे आहे. ऑफसेट आली, रंगीत फोटो स्वस्त झाले, १९७४ च्या ‘लोकप्रभा’सारखी साप्ताहिके आली आणि मुखपृष्ठावर मथळे चढले. दर आठवड्याला विकायच्या अंकाला ते भागच होते. पण दिवाळी अंक पुष्कळसे अजूनही ओळी न लिहिता चित्रच छापतात, कारण त्यांची जागा फराळाच्या ताटाजवळची आहे.

या इतिहासाचा पुरावा मात्र फार विरळ उरला आहे, आणि त्याला कारण आपली बांधणीची रीत. ग्रंथालयांनी वर्षाचे बारा अंक एकत्र बांधताना जाड कव्हरे आणि जाहिराती काढून टाकायच्या, मजकूर तेवढा शिवायचा, असा प्रघात. त्यामुळे अनेक मासिकांच्या बांधीव खंडांत अग्रलेख शाबूत आहेत आणि मुखपृष्ठे नाहीत. संस्थेने जे फाडले ते घरांनी ठेवले असण्याची शक्यता जास्त आहे, माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा चौकटीत घालून. मराठी मुखपृष्ठांची सूची करायला कोणी बसलेच, तर मुंबईच्या ग्रंथालयांइतकेच लष्कर, इंदूर, बडोदे इथल्या जुन्या मराठी घरांचे दरवाजे ठोठावावे लागतील. आणि तिथे मिळालेल्या प्रतीवरची पत्त्याची चिठ्ठी, पोस्टाचा शिक्का आणि गुंडाळी केल्याने पडलेली आडवी घडी यांची नोंद चित्राच्या नोंदीबरोबरच करावी लागेल.